खिडकीत की टेबलावर? वर्गात पहिल्यांदाच हनुका करणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या पणत्या धुऊन कपाटात गेल्या की आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, "यंदा हनुका करायचा ना?" 2023मध्ये इस्राएल-गाझा युद्ध सुरू झाल्यापासून त्यातला 'ना' जरा लांबलाय. हनुका म्हणजे ज्यूंचा आठ दिवसांचा दिव्यांचा सण, रोज एक दिवा वाढवत न्यायचा.

मी ठाण्यात ज्यू मुलांच्या रविवारच्या हिब्रू वर्गावर शिकवते. शाळा म्हणायची म्हणून शाळा. एक हॉल, लिहायचे दोन फळे, पाच ते पंधरा वयाची वीस-बावीस मुलं आणि त्यांच्याहून जास्त चपला. दर वर्षी एखादी ताई, एखादा दादा नव्यानं शिकवायला येतो आणि नेमका हनुका त्यांच्या अंगावर पडतो. कुणी लग्नानंतर या समाजात आलेलं असतं, कुणाचं लहानपण सिनेगॉगपासून लांब गेलेलं असतं. त्यांना दर वर्षी फोनवर जे सांगते ते या वेळी लिहून काढलंय.

सामानाच्या यादीआधी एक नियम

2008 हे माझं वर्गावरचं पहिलं वर्ष. 26 नोव्हेंबरच्या हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात रब्बी (धर्मगुरू) गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का मारले गेले. त्या वर्षी हनुका 21 डिसेंबरच्या संध्याकाळी लागत होता, म्हणजे महिनाही उलटलेला नव्हता. पालकांमध्ये दोन तट पडले. शेवटी एका पालकांच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नऊ मुलं जमली. पडदे ओढलेले, हनुकिया, म्हणजे हनुक्याची नऊ दिव्यांची समई, जेवणाच्या टेबलावर. सात वर्षांच्या एका मुलानं विचारलं, "बाई, आपण लपलोय का?" मी म्हटलं, "नाही रे, वारा येतो म्हणून पडदा लावलाय." त्यानं पडद्याकडे पाहिलं. पडदा जराही हलत नव्हता.

तेव्हा मला जे ठाऊक नव्हतं ते तुम्ही आधीच ठाऊक करून घ्या. तालमूद म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांचा जुना ग्रंथसंग्रह. त्यातल्या 'शब्बाथ' या ग्रंथात, 21व्या पानावर, हनुक्याचा दिवा कुठे ठेवायचा ते सांगितलंय. घराच्या दारापाशी, बाहेरच्या बाजूला. वरच्या मजल्यावर राहत असाल तर रस्त्याकडच्या खिडकीत. आणि धोक्याचा काळ असेल तर टेबलावर ठेवावा, तेवढं पुरे.

'तेवढं पुरे' हे शब्द नीट वाचा. दिव्याचा मूळ हेतूच चमत्कार (एका दिवसाचं तेल आठ दिवस जळल्याचा) चारचौघांत जाहीर करण्याचा आहे. तरी ज्यांनी हा नियम घालून दिला त्यांनी वाईट दिवस पाहिले होते आणि पंधराशे वर्षांपूर्वीच सोय लिहून ठेवली. त्यामुळे यंदा गेटबाहेर बॅनर लावला नाही किंवा पडदा ओढून घेतला, तर आपण सण अर्धाच केला असं मनात आणू नका. मुलांना मात्र खरं कारण सांगा. वाऱ्यावर ढकलू नका.

कुठे ठेवायचं हा निर्णय एकट्यानं घेऊ नका. सिनेगॉगचे विश्वस्त, दोन-तीन पालक आणि हझ्झान (प्रार्थना म्हणणारे) यांना विचारून नोव्हेंबरातच ठरवा. एकदा ठरलं की शेवटच्या दिवशी बदल नको. आयत्या वेळी जागा बदलली की पालकांना वाटतं, काहीतरी कळलेलं दिसतंय.

दिवस, वेळ आणि 6 डिसेंबर

हनुका किस्लेव महिन्याच्या 25 तारखेला लागतो आणि आठ दिवस चालतो. 2026मध्ये पहिला दिवा शुक्रवारी, 4 डिसेंबरला संध्याकाळी. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, लागतो. त्या दिवशी हनुक्याचे दिवे आधी लावायचे, शब्बाथचे मागून, आणि तेही सूर्यास्ताआधी. शब्बाथचा दिवा लावल्यावर काडी ओढता येत नाही. शिवाय त्या दिवशीचे दिवे अंधार पडल्यावरही अर्धा तास टिकले पाहिजेत, म्हणून तेल जास्त घाला. शुक्रवारी प्रत्येकानं आपापल्या घरी लावावं, वर्ग बोलावू नये. शनिवारी शब्बाथ संपेस्तोवर उशीर होतो. राहता राहिला रविवार.

आणि रविवारी 6 डिसेंबर! महापरिनिर्वाण दिन. चैत्यभूमीसाठी दादरला लाखोंनी लोक उतरतात, लोकल भरभरून येतात, पोलिसांचा बंदोबस्त सगळा तिकडे. भायखळ्याहून किंवा पनवेलहून येणारी कुटुंबं असतील तर त्यांना हे आधीच सांगा. पोलीस ठाण्यात पत्र किमान दहा दिवस आधी द्या आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी "हो, पाठवतो" यावर विसंबू नका. त्या दिवशी ठाण्यात माणसं कमी असणार, हे त्यांनाही माहीत असतं. अगदीच जमत नसेल तर सोमवारी चौथा दिवा धरा, पण सोमवारी मुलांची शाळा असते.

वेळ साडेपाच ते साडेसात. डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, साडेसहाला चांदण्या दिसायला लागतात. दिवा तेव्हाच लावायचा. दुपारी चारला 'सोयीसाठी' लावलेल्या दिव्यावर आशीर्वाद, म्हणजे दिवा लावतानाच्या प्रार्थना, म्हणता येत नाहीत. ती फक्त तालीम.

मेसेज पाठवताना पत्ता लिहू नका. "नेहमीची जागा, नेहमीचं गेट" एवढं पुरतं. फोटो कार्यक्रम संपल्यावर, आणि मुलांचे चेहरे न दाखवता. या एका गोष्टीवर पालक हमखास कुरकुरतात, कारण नातवंडांचे फोटो इस्राएलमधल्या अश्दोदच्या आजीला लगेच हवे असतात. आजीला पाठवा, स्टेटसला ठेवू नका.

पणत्यांची हनुकिया

पितळी हनुकिया असेल तर उत्तमच. पण मुलांच्या हातची करायची असेल तर दिवाळीच्या पणत्यांसारखं दुसरं काही नाही. नऊ पणत्या, एक लांब फळी, थोडा शाडू. आठ पणत्या एका सरळ रेषेत आणि एकाच उंचीवर. गोल मांडायच्या नाहीत, वरखाली नाहीत. दोन पणत्यांत चार बोटं अंतर ठेवा, नाहीतर दोन ज्योती मिळून एकच दिसते आणि दिवे मोजता येत नाहीत. नववा शमाश, म्हणजे सेवक दिवा. तो वेगळा ओळखू यायला हवा. आम्ही एक पणती उलटी चिकटवतो आणि तिच्यावर शमाशची पणती बसवतो.

शमाश कशाला? हनुक्याच्या दिव्यांच्या उजेडात काही काम करायचं नसतं. वाचायचं नाही, सुई ओवायची नाही, त्याच्यावर दुसरं काही पेटवायचं नाही. नुसतं बघायचं. म्हणून इतर दिवे पेटवायला हा वेगळा सेवक. एकदा गेटवरच्या हवालदारसाहेबांनी विचारलं होतं, "ही तुमची दिवाळी का?" मी हा फरक सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे दिव्याला सुट्टी." त्याहून सोपं मला आजवर सांगता आलेलं नाही.

तेल खोबरेल वापरा, जुन्या घरांतली पद्धत तीच. पण डिसेंबरात सकाळी बाटलीत ते गोठलेलं असतं. अर्धा तास कोमट पाण्यात उभी करून ठेवा. नाहीतर वाती कोरड्या राहतात आणि भर कार्यक्रमात धूर होतो. मेणबत्त्या वापरणार असाल तर वाढदिवसाच्या नकोत. त्या अर्धा तास टिकत नाहीत, आणि नियम अर्ध्या तासाचा आहे.

पंखा! दर वर्षी कुणीतरी सवयीनं बटण दाबतं. वाऱ्याच्या झोतात लावलेला दिवा विझला तर तो लावलाच नाही असं धरतात, पुन्हा लावावा लागतो. नीट जागी लावलेला आपोआप विझला तर तेवढी सक्ती नाही, तरी आशीर्वाद न म्हणता पुन्हा लावण्याची रीत आहे. म्हणून बटणावर चिकटपट्टी लावा. वाळूची बादली फळीपासून दोन हातांवर ठेवा, मुलींच्या ओढण्या मागे बांधा, आणि हॉलची दोन्ही दारं आतून सहज उघडतात ना ते स्वतः उघडून बघा. एका वर्षी मागच्या दाराला खुर्च्या लावून ठेवलेल्या आम्हाला सहा वाजता दिसल्या.

पाठांतर

रविवारी, म्हणजे तिसऱ्या दिव्याला, दोनच आशीर्वाद असतात: 'लेहदलिक नेर हनुका'चा आणि 'शेआसा निस्सीम'चा. 'शेहेहेयानू' फक्त पहिल्या रात्री. मुलं उत्साहात तिन्ही म्हणून मोकळी होतात, तिथे लक्ष ठेवा. आशीर्वाद हझ्झाननी किंवा एका मोठ्यानं म्हणावेत आणि बाकीच्यांनी 'आमेन'. त्यानंतर आपल्याकडच्या सेफार्दी पद्धतीप्रमाणे 30वं स्तोत्र, 'मिझमोर शीर हनुकत हबाइत'. 'माओझ त्सूर' हे गाणं अश्केनाझींचं, म्हणजे युरोपातल्या ज्यूंचं, पण आता सगळ्यांनाच येतं. खुशाल म्हणा.

देवनागरीत लिहून वाटा, पण कागदावर देवाचं नाव लिहू नका, 'हाशेम' लिहा. तालमीतही 'हाशेम'च म्हणायचं. नाव लिहिलेला कागद कचऱ्यात टाकता येत नाही, आणि कार्यक्रमानंतर ते वीस कागद घारग्यांच्या तेलानं माखून जमिनीवर पडलेले असतात.

गोष्ट, आणि गोष्टीनंतरचे प्रश्न

गोष्ट सगळ्यांना एकच सांगू नका. पाच-सहा वर्षांच्यांना तेल: देवळात एका दिवसापुरतं शुद्ध तेल सापडलं, ते आठ दिवस जळलं. संपलं. सात ते अकराच्यांना राजा अंतिओखस चौथा, त्यानं घातलेली शब्बाथ आणि सुंतेवरची बंदी, मोदीन गावचा मत्तिथ्याहू, त्याचा मुलगा यहूदा मक्काबी, आणि इसवी सनापूर्वी 164च्या सुमारास यरुशलेममधल्या देवळाचं पुन्हा शुद्धीकरण. त्यांना लढाई हवीच असते. सांगा, पण तलवारी वाटू नका. मोठ्यांना हेही सांगा की मक्काबींच्या ग्रंथांत तेलाची गोष्ट नाही. ती तालमूदमध्ये येते, त्याच 21व्या पानावर. बारा-तेराच्या मुलांना असा आतला धागा हातात दिला की ती जांभया द्यायची थांबतात.

कुणीतरी हमखास म्हणतं, "माझी आजी सांगते, आपल्यात हनुका नव्हताच." आजी बरोबर सांगते. कोकणातल्या बेने इस्राएलांच्या, म्हणजे मराठी ज्यूंच्या, जुन्या सणांत नवियाचा सण होता, खिरीचा सण होता, दारफाळणीचा, अनाशी धाकाचा, बिरड्याचा रोजा होता. हनुका नव्हता. तो नंतर बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर आला. पूर्वज देवळाच्या त्या शुद्धीकरणाच्या आधीच तिकडून निघाले असतील, असा तर्क पुष्कळजण करतात. मुलांना हे आवडतं: अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांना जो सण ठाऊक नव्हता, तो आपण ठाण्यात करतोय.

मोठ्या मुलांसाठी एक फोटो छापून आणा. जर्मनीतल्या कील शहरात 1931च्या हनुक्यात रब्बी अकिवा पोस्नर यांच्या पत्नी राखेल यांनी तो काढला. खिडकीत हनुकिया, आणि समोरच्या इमारतीवर नाझींचा झेंडा. कुटुंब 1933मध्ये जर्मनीतून बाहेर पडलं, हनुकियाही बरोबर गेली. फोटो दाखवून विचारा: तुम्ही खिडकीत ठेवली असतीत की टेबलावर? हात वर करायला लावू नका, चिठ्ठ्या घ्या. आमच्याकडे गेल्या खेपेला चिठ्ठ्या जवळजवळ निम्म्या निम्म्या निघाल्या, आणि एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'आईला विचारून सांगतो.' दोन्ही बाजूंना बोलू द्या. निकाल तुम्ही देऊ नका.

आता अवघड भाग. आपल्या बहुतेक घरांत कुणी ना कुणी तिकडे, इस्राएलमध्ये आहे: मावशी लोदला, काका दिमोनाला, आत्या बीरशेबाला. मुलांनी व्हिडिओ कॉल चालू असताना भोंगा ऐकलेला असतो, फोन खाली ठेवून आत्या जिन्याकडे पळालेली पाहिलेली असते. अशी मुलं बहुधा काही बोलत नाहीत. त्यांना स्टेजवर ओढू नका, भाषण देऊ नका. शमाश धरायचं काम द्या. त्या कामात हात भरलेले असतात आणि सगळ्यांचं लक्ष ज्योतीकडे असतं, चेहऱ्याकडे नसतं.

"बाहेर पोलीस का?" याला माझं उत्तर असं: "काही लोकांचा आपल्यावर राग आहे. त्यातला एखादा वाईट वागू नये म्हणून पोलीसकाका लक्ष ठेवतात. दारं दोन आहेत आणि मोठी माणसं आठ आहेत." 'काही होणार नाही' असं वचन मी देत नाही. ते माझ्या हातात नाही, आणि मुलांना ते कळतं.

"शाळेत तो म्हणाला, तुम्ही लोक मुलांना मारता." हे वाक्य वर्गात येणारच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्याच घशाशी आलं होतं. आता दोन गोष्टी सांगते. एक: कुणाच्याही लेकराच्या मरणावर या खोलीत थट्टा नाही आणि टाळी नाही, इस्राएलमधल्या नाही, गाझातल्याही नाही. दोन: "तू सहावीत आहेस, परराष्ट्रमंत्री नाहीस. एका देशाच्या सरकारचं उत्तर तू द्यायचं नाहीस." मूल हसतं, खांदे खाली येतात. मग त्या शाळासोबत्याबद्दल विचारा. बऱ्याचदा तो शेजारचाच असतो, ईदला शीरखुर्मा देणारा, आणि दोघांनाही भांडण मिटवायचं असतं. त्यातला कुणी धमकी देत असेल तर मात्र ते वर्गात मिटवू नका. पालकांना आणि त्या शाळेला लगेच कळवा.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर सोसायटीच्या सेक्रेटरीला, वॉचमनला आणि समोरच्या दुकानदाराला आधी सांगून ठेवा. 1993च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बिलिंग्ज गावी एका ज्यू मुलाच्या खोलीच्या खिडकीतून वीट आली, कारण खिडकीवर हनुकियाचं चित्र होतं. तिथल्या वर्तमानपत्रानं पानभर हनुकिया छापली आणि गावातल्या हजारो बिगरज्यू घरांनी ती आपल्या खिडकीत लावली. आमच्याकडे एवढं काही झालेलं नाही. समोरचा किराणावाला कार्यक्रमापुरता दुकानाबाहेरचा दिवा चालू ठेवतो, एवढंच.

ते दोन तास

मुलं आत आली की नावं लिहून घ्या. घ्यायला कोण येणार तेही लिहा. मग गोष्ट, तीन गटांत. सव्वासहाला सगळे फळीसमोर. तीन पणत्या उजव्या टोकाकडून मांडायच्या, पण पेटवताना सगळ्यात नव्या, म्हणजे डावीकडच्या पणतीपासून सुरुवात करून उजवीकडे जायचं. मांडणी आणि पेटवणं उलट दिशेनं, इथे नवखे दर वर्षी गोंधळतात. खडूनं बाण काढून ठेवा. तिन्ही लागल्या की हॉलमधले दिवे दोन मिनिटं घालवा. याहून जास्त वेळ नको, लहान मुलं घाबरतात.

2020मध्ये हे सगळं झूमवर केलं होतं. बावीस घरांतून एकाच वेळी 'माओझ त्सूर' म्हटलं की जे ऐकू येतं त्याला संगीत म्हणत नाहीत. पुन्हा वेळ आलीच तर एकाचा माईक चालू ठेवा, बाकीचे बंद.

खाणं तळलेलं, कारण सण तेलाचा. आमच्याकडे घारगे आणि बटाटेवडे. सुफगानियोत, म्हणजे जाम भरलेले डोनट, हे इस्राएलमधून आलेलं फॅड आहे, मुलांना आवडतात, पण ठाण्यात नीट मिळत नाहीत आणि घरी केलेले आतून कच्चे राहतात. सगळं शाकाहारी ठेवा म्हणजे कोशेरचे (खाण्यापिण्याच्या धर्मनियमांचे) निम्मे प्रश्न उरत नाहीत. पहिली ताटली गेटवरच्या पोलिसांना.

खाऊन झालं की द्रेदेल. हा चार बाजूंचा, बोटांनी फिरवायचा भोवरा. बाजूंवर नून, गिमेल, हे, शिन. नून आलं तर काही नाही, गिमेल आलं तर सगळा ढीग, हे आलं तर अर्धा, शिन आलं तर आपल्याकडचा एक ढिगात घालायचा. आम्ही चिंचोक्यांवर खेळतो. पैशांवर नको, आणि शेंगदाण्यांवरही नको, कुणाला तरी त्यांची ॲलर्जी असते.

साडेसातला मुलं एकदम सोडू नका. चार-पाचच्या गटानं, यादीत नाव असलेल्या माणसाच्याच हाती. निघताना प्रत्येकाला सांगा की वर्गात लावलेल्या दिव्यानं घरचा दिवा लागत नाही, घरी जाऊन पुन्हा लावायचाय.

आणि ज्यांच्या घरी मेणबत्त्या नाहीत त्यांच्यासाठी पाकिटं तयार ठेवा. शमाश धरून आठ रात्रींच्या 44 होतात. पहिल्या दोन रात्रींच्या पाच गेल्या, उरल्या 39. आम्ही 40 घालतो. एक रिक्षात मोडतेच.